गाठींची सुतळी

खामगाव, कार्तिक वद्य एकादशी, १९६४

बातमीपत्रासाठी आज डोकेदुखीच्या डॉक्टरांकडे बसलो होतो. रोग्यांकडून ते दुखल्या दिवसांची वही लिहवून घेतात. मोताळ्याच्या एका सुनेला अक्षरओळख नाही. तिने वहीऐवजी सुतळी आणली. रोज एक गाठ, डोकं उठलं त्या दिवशी दुहेरी.

"समदं सोंग हाये, डाक्टरसाहेब," सासू म्हणाली. "सणावारालेच काऊन दुखते इचं?"

डॉक्टरांनी सुतळी पंचांगाशेजारी धरली. दुहेरी गाठी सोमवारी, चतुर्थीला, एकादशीला!

"मावशी, सून खोटं नाही बोलून राह्यली. उपाशी राह्यली की तिचं डोकं उठते. उपास बंद."

सासूने सुतळीच्या गाठी बोटाने चाचपल्या. मग पदराची गाठ सोडून गूळ-शेंगदाणे सुनेपुढे धरले. "खाय बाई."

घरी आमच्या हिची अर्धशिशी उठली की 'अर्धावभेदक महाराज पधारले' ही माझी संस्कृत थट्टा, वीस वर्षांची. कितीदा केली? मी कुठे सुतळी ठेवली होती!

घरी आलो तर ही कपाळाला फडकं बांधून पडलेली. एकादशीच ना आज. मी, शास्त्रीबुवांनी, स्वतः चूल पेटवली. भात करपला. तिने तो सगळा खाल्ला.