स्वयंपाकघरातला डेन्मार्कचा म्हातारा

मास्तर, त्या रविवारचं जेवण तुम्हाला केवढ्याला पडलं ते मला फार उशिरा कळलं. घरात होता नव्हता तेवढा आठवड्याचा तांदूळ, काकूंनी दिवाळीसाठी राखून ठेवलेला तुपाचा डबा, शेजारून मागून आणलेल्या थाळ्या, आणि पुढचे तीन दिवस तुम्ही दोघांनी भाकरी-चटणीवर काढले ते. मला त्या जेवणातून मुकादमी मिळाली.

आज हे लिहायला बसण्याचं कारण साधं आहे. आपल्या मराठी मंडळाची स्मरणिका निघून राहिली आहे, आणि तुमच्यावर मी लिहावं असं त्यांचं म्हणणं. दुसरं कोण लिहिणार? तुम्हाला पाहिलेले आता मी धरून दोघं-तिघं उरलो. भिलाईत माझं नाव बरं आहे. स्मृती नगरात घर आहे, मुलं मार्गाला लागली, आणि मी शब्दाचा पक्का माणूस असं लोक तोंडावर म्हणतात. त्या रविवारची गोष्ट मी कितीतरी सभांत सांगितली आहे. मास्तरांच्या स्वयंपाकघरात जे ठरलं ते आपण पाळलं, टोळीतली निम्मी माणसं त्या गावची घेतली, असं म्हणून मी थांबतो आणि टाळ्या पडतात. कुठे थांबलं की टाळी पडते, हे मला बरोबर कळतं.

तेव्हा भिलाईचा पोलाद कारखाना म्हणजे नुसते खड्डे आणि लाल धूळ. तुम्ही हजेरीबाबू, पेपर वाचून दाखवता म्हणून साऱ्यांचे मास्तर; मी तेविशीतला काँक्रीटवाला मजूर. आमची झोपडपट्टी मरोद्याच्या बाजूला, पाण्याचा नळ अजून कागदावरच. आम्ही शेजारच्या गावाच्या तळ्यावर जायचो. त्या गावची शेतं कारखान्यात गेली होती, कामं मात्र आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांना मिळत होती. एक दिवस गावकऱ्यांनी तळ्याच्या वाटेवर काटेरी फांद्या टाकल्या. आमच्यातल्या काहींनी फावडी उचलली. तुम्ही मध्ये उभे राहिलात आणि दोन्हीकडच्या चार-चार माणसांना रविवारी घरी जेवायला बोलावलंत. तुमचं ते एक वेडच होतं, आणि ते कुठून आलं हे मला ठाऊक होतं.

तुमच्या चुलीच्या वर, भिंतीवर, वर्तमानपत्रातून कापलेलं एका दाढीवाल्या म्हाताऱ्याचं चित्र पुठ्ठ्यावर चिकटवून लावलेलं होतं. धुरानं पिवळं पडलेलं. गोंदियाला विडीच्या कारखान्यात असताना तुम्ही मोठ्यानं पेपर वाचायचे आणि बाकीचे तुमच्या वाट्याच्या विड्या वळायचे. तिथेच एका सकाळी तुम्ही वाचलं की डेन्मार्कचा पंतप्रधान वारला, आणि हा माणूस पोरवयापासून सिगारच्या कारखान्यात पानं निवडायचा. साऱ्यांचे हात थांबले, असं तुम्ही सांगायचे. आपल्यासारखाच तंबाखूत बसलेला माणूस देश चालवतो, हे कोणाला खरंच वाटेना. मग जिथे मिळेल तिथून तुम्ही त्याच्याबद्दल वाचत गेलात. बाप लवकर गेलेला. कामगारांची संघटना बांधली, तिच्यातून वर आला. मंदीत शेतकऱ्याचा माल उठेना आणि मजुराची मजुरी कापायला मालक निघालेले, तेव्हा त्यानं दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना स्वतःच्या घरी बसवलं आणि ठरल्याशिवाय उठू दिलं नाही. म्हातारा, आजारी, बेकार, कोणालाच भीक मागावी लागू नये, असे कायदे त्याच सुमारास झाले. ‘भीक नाही, हक्क’ हे तुम्ही इतक्यांदा म्हणायचे की काकू भाजी वाढतानाही तेच म्हणून तुमची थट्टा करायच्या.

तर तो रविवार. तुम्ही उंबऱ्यावर बसलेले आहात, सगळे आत आले की दार लावून घ्यायला. गावचा सगळ्यात म्हातारा माणूस आत येतो, चित्राकडे पाहतो आणि विचारतो, “ये तोर बबा हे का, गुरुजी?” हा तुमचा आजा का, असं. तुम्ही शांतपणे म्हणता, हो, आपलाच आहे. तो हात जोडतो, मागचे तिघंही जोडतात. आम्हाला हसू आवरत नाही आणि पहिल्यांदा त्या खोलीतला ताण थोडा सैल होतो. भात, वरण, तूप. दुपार उतरेपर्यंत बोलणं चालतं. शेवटी ठरतं ते असं: गावानं वाट मोकळी करायची, आणि पुढची चाळीस माणसांची टोळी लागेल तिच्यात वीस त्या गावचे. ठेकेदाराकडे ते लावून धरायचं काम माझ्याकडे येतं, कारण बोलण्यात मी पुढे. मी चित्राकडे हात करून शब्द देतो.

वाट दुसऱ्या दिवशी मोकळी झाली. झोपडपट्टी शांत झाली म्हणून ठेकेदारानं मलाच मुकादम केलं. त्याचं म्हणणं, गावचे लोक पेरणी आली की पळतात, तू तुझ्याकडचे आण. मी एकदाही नाही म्हटलं नाही. भंडाऱ्याकडून माझे चुलतभाऊ आले, मावसभाऊ आले, त्यांचे मेहुणे आले. महिनाभरानं तुम्ही हजेरीचं रजिस्टर मिटून माझ्यासमोर उभे राहिलात.

“कावून केलं रे असं?”

मी हुशारी केली. म्हटलं, मास्तर, तुमच्या म्हाताऱ्यानं तरी काय केलं? जर्मन त्याच्या देशात घुसले, तर खुर्ची धरून बसलाच ना? हेही तुम्हीच सांगितलेलं होतं. त्याचा तो शेवट, लोकांनी ठेवलेली नावं, त्या दुःखातच त्याचं जाणं, तुम्ही कधी लपवलं नाही.

तुम्ही माझ्या गळ्याकडे पाहिलंत. “त्यानं मान वाकवली, खरं हाय. त्याच्या मानेवर बंदूक होती. तुह्या मानेवर काय हाय?”

माझ्या गळ्यात मुकादमाच्या शिट्टीची दोरी होती.

तुम्ही एकटेच त्या गावी जाऊन माफी मागून आलात, हे मला काकूंनी सांगितलं. नंतर आपण रोज भेटत होतो, हजेरीपुरतं बोलत होतो. कारखान्याची पहिली भट्टी पेटायच्या आधीच्या हिवाळ्यात तुमचा खोकला वाढला. मी दोनदा तुमच्या दारापर्यंत आलो. आतून तुमचा आवाज ऐकला, काकूंना पेपर वाचून दाखवत होतात, आणि परत फिरलो. तुम्ही गेल्यावर काकूंनी ते चित्र माझ्या हातात दिलं, तुला द्यायला सांगितलं होतं म्हणाल्या. पुठ्ठ्याच्या मागे तुमच्या अक्षरात वीस नावं होती. त्या रविवारी गावकऱ्यांनी सांगितलेली.

एक गोष्ट तुम्हाला कधी कळली नाही, मास्तर. त्या दिवशी हात धुताना तो म्हातारा आपल्या माणसाला हळूच म्हणाला होता, “काम देवय के झन देवय, पानी बर कोनो ला मना नइ करन.” काम देवोत न देवोत, पाण्याला आपण कोणाला नाही म्हणत नाही. त्याला वाटलं, या मराठी पोराला काय समजतं. माझे कान तिखट, मला समजलं. शब्द मोडला तरी पाणी बंद होणार नाही, हे मला शब्द देण्याआधीच ठाऊक होतं. आणि झालंही तसंच. त्यांनी वाट पुन्हा कधी अडवली नाही.

स्मरणिकेला लेख पाठवायची मुदत उद्या संपते. नेहमीची गोष्ट लिहून तयार आहे. हे दुसरं लिखाण कोणाला द्यावं ते सुचत नाही, म्हणून पुठ्ठ्यामागे ठेवून देतो. तिथल्या वीस नावांपैकी एकापुढेच तुमची हजेरीची खूण आहे. माझ्या टोळीत त्या गावचा तेवढा एकच माणूस होता. तो त्यांच्याच तळ्याचं पाणी आम्हाला कावडीनं आणून द्यायचा.