मागाच्या खोलीचा रंग

भंडारा, ३ डिसेंबर २०१४

ती. गोदाक्कास,
सा. न. वि. वि.

माझ्या नातीनं, तेजस्विनीनं, मागाच्या खोलीत संगणक मांडला. लोकांच्या लग्नाचे फोटो घरीच बसून सुधारणार. टेबल खिडकीला आडवं लावलं, म्हणजे उजेड डोळ्यांवर येत नाही. पडद्याला काळ्या पुठ्ठ्याची झापड केली, घाण्याच्या बैलासारखी! बोटं अशी चालतात की वाटतं, इथला माग कधी थांबलाच नव्हता.

मीही हातभार लावला. शाळेतल्या कवितांमधलं कोवळं ऊन घरात यावं म्हणून भिंती स्वतः हळदी रंगानं रंगवल्या.

कारधा गावातल्या एका लग्नाचा अल्बम हे पहिलं काम. पसंत पडला तर इथेच राहीन, नाही तर नागपूरच्या स्टुडिओत नोकरी धरीन, असं म्हणाली. घर कसं सुनं होईल गं!

पत्राला उशीर झाला म्हणून रागाव हवं तर, पण लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
मधुकर

आंबागड, १४ डिसेंबर

चि. मधुकरास,
अनेक आशीर्वाद.

तुझी नात फोनवर रडली. नवरीच्या आईनं अल्बम परत केला. माझ्या पोरीची हळद कोणी धुतलीच नाही का, असं चारचौघांत विचारलं म्हणे. तुले हे सांगितलं नसेलच. पिवळ्या भिंतीत बसून बसून तिचे डोळे पिवळ्याले सरावले. फोटोत कितीही पिवळं भरलं तरी तिले कमीच दिसून राहिलं. भिंत राखाडी पाहिजे म्हणते. पण माझे आबा या वयात शिडीवर चढले, त्यांचा रंग कसा पुसू म्हणून नागपूरची बॅग भरून राहिली. तुले दुखवण्यापरीस गाव सोडणं सोपं वाटते तिले! कविता पुष्कळ झाल्या रे बाबू, आता ब्रश घे.

जीव लावतोस तसाच लावत राहा.

तुझी,
अक्का

भंडारा, २९ डिसेंबर

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

राखाडीचा डबा आणून मी शिडी लावली. तेजस्विनीनं आधी डोळे लपवायला तोंड फिरवलं, मग दुसरा ब्रश उचलला. खोली आता ढगाळ दुपारीसारखी दिसते. मला काही आवडत नाही, खरं सांगतो.

पण अल्बम नव्यानं झाला. नवरीच्या आईनं फोटोवर बोट ठेवून, ही माझी पोर, एवढंच म्हटलं आणि धाकटीच्या लग्नाचं कामही सांगून गेली. पोरीनं नागपूरला ‘येत नाही’ असं कळवून टाकलं. काय नजर आहे गं तिची!

आता मी तिच्या मागे स्टुलावर बसतो. अट एकच, माझं केशरी उपरणं बाहेर ठेवायचं. त्याचीही झाक पडद्यावर येते म्हणे. देवळात शिरताना चपला काढाव्या, तसं मी ते दाराशी काढून ठेवतो.

तुझ्या लोभात असलेला,
मधुकर