ओडेसाच्या नाचाचा शेवट

मी, अल्मा म्लाकर, वय एक्क्याऐंशी, राहणार क्लीव्हलँड, ओहायो, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. दबाव आणायला आता कुणी उरलेलंच नाही. थकले आहे, पण डोकं ठिकाणावर आहे. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात ज्यांची नावं होती ती माणसं माझ्या आधीच गेली.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक भाची मार्था हिला. स्वयंपाकघरातला नळ गळतो. तो तिनेच बघावा, मी नाद सोडला.

२. आमच्या शहराच्या टीव्ही स्टेशनवर ‘कलेचा तास’ हा कार्यक्रम मी सव्वीस वर्षं दिग्दर्शित केला. आधी तो रविवारी संध्याकाळी लागायचा, मग सकाळी ऐन चर्चच्या वेळेला, मग मध्यरात्रीनंतर, आणि मग लागेनासाच झाला. निरोपाला मिळालेलं मानचिन्ह मी दार अडवायला वापरते. ते तिथेच राहू द्यावं.

३. आमचं स्टेशन जाहिरातींवर नाही, प्रेक्षकांच्या वर्गणीवर चालायचं. वर्गणीच्या आठवड्यात चालू कार्यक्रम मध्येच थांबवून साहेब लोक पडद्यावर येत, ‘फोन करा’ म्हणत, आणि वर्गणीदाराला कापडी पिशवी देत. १९७१ साली माझी मैत्रीण ओडेसा प्रुइट माझ्या कार्यक्रमात नाचली. चाळिशीची होती, गुडघे गेले होते, हा शेवटचा नाच हे तिला ठाऊक होतं. प्रक्षेपणाच्या दिवशी तिच्या घरी सगळी गल्ली टीव्हीसमोर जमली. नाच शेवटाला आला आणि आमचे मॅनेजर रसेल हावरकॅम्प पिशवी नाचवत पडद्यावर उगवले. बोलतच राहिले. कार्यक्रमाची वेळ संपली, नाचाचा शेवट कुणाला दिसलाच नाही.

मी त्यांना जिन्यात गाठलं. "अहो, निदान तिचा नाच तरी संपू द्यायचा!"

"अल्मा, फोन कसे खणखणत होते बघितलंस ना? नाच काय, पुन्हा दाखवू."

पुन्हा कधीच दाखवला नाही. माझ्याकडच्या सगळ्या कापडी पिशव्या हावरकॅम्प यांना पोचत्या कराव्यात. रिकाम्या.

४. टेप महाग, म्हणून जुन्या टेपवरच नवं काहीतरी रेकॉर्ड करायची स्टेशनात रीत होती. ओडेसाच्या नाचावर बोलिंगची, म्हणजे चेंडू घरंगळवून लाकडी बाटल्या पाडायची, स्पर्धा चढणार होती. ती टेप मी धुण्याच्या टोपलीत, चादरींखाली घालून घरी आणली. चोरी म्हणायची तर म्हणा.

ती चालवणारं कपाटाएवढं यंत्र आमचे तंत्रज्ञ वर्नन यांनी भंगारातून उचलून आपल्या गॅरेजात जिवंत ठेवलं आहे. पण टेप आता चिकट झाली आहे. वर्नन म्हणतात, मंद आचेवर शेकली तर एकदा चालेल, पुढचं सांगता येत नाही. मला भीती वाटते. तुटली तर काहीच उरणार नाही, म्हणून आजवर ‘बघू पुढे’ करत राहिले. माझ्या पश्चात ही टेप ओडेसाला द्यावी, आणि मध्ये कुणीही न बोलता तिला पूर्ण दाखवावी.

सहीपूर्वीची दुरुस्ती: आज सकाळी ओडेसा साक्षीदार म्हणून सही करायला आली. वकीलबाई म्हणाल्या, "ज्यांना काही मिळणार आहे, त्यांनी साक्षीदार होऊ नये. दुसरं कुणी बघा."

"मला काय मिळणार आहे?" म्हणत ओडेसाने चष्मा लावून कलम चार वाचलं.

"काय गं, त्र्याऐंशीची झाले मी. आता तुझ्या मरणाची वाट बघत बसू?"

"तुटली तर?"

"तुटू दे. त्या हावरकॅम्पने एकदा नाच तोडलाच होता की! पण तू शेजारी हवीस. एकटीनं बसून काय बघू, माझं कपाळ?"

मला रडू फुटलं. वकीलबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

वर्ननना तिथूनच फोन लावला. टेप उद्या शेकायला ठेवतील. रविवारी दुपारी त्यांच्या गॅरेजात, खुर्च्या आपापल्या आणायच्या.

सबब कलम चार रद्द. ओडेसाला माझ्याकडून काहीही मिळणार नाही, याची वकीलबाईंनी दोनदा खात्री करून घेतली आहे.

ठिकाण: क्लीव्हलँड
दिनांक: ११ नोव्हेंबर २०१४

सही: अल्मा म्लाकर

साक्षीदार:
१. स्टांका ह्रिबार, शेजारीण
२. ओडेसा प्रुइट, नर्तकी