वस्तीवरचा एकच नंबर

मंगळवार, संध्याकाळ

पडेगावच्या वस्तीवरून गयामावशी चालत आमच्या पाण्याच्या टँकरच्या ऑफिसात आली. तळहात पुढं केला. त्यावर निळ्या पेनानं मोबाइल नंबर, घामानं पसरलेला.

"दादा, तिसरा टँकर गेला. ड्रायव्हर म्हणतो, यादीत तुझं नावच नाय. शेळ्यांना काय ढेकळं चाटवू?"

टँकरच्या यादीचा कॉम्प्युटरमधला कोड मीच लिहिलेला. कॅशमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या हाताशी असलेल्या साठ्यात, मोबाइल नंबर टाकायचा, त्याच्यासमोर घराचं नाव ठेवायचं. झटकन सापडतं म्हणून लई खूश होतो. तळहातावरचा नंबर टाकला, तर समोर सुमनबाई.

"शेजारीण हाय. फोन तिचाच. वस्तीवर एकच फोन, सगळ्यांनी तोच नंबर दिला."

तेव्हा कळलं. तोच नंबर पुन्हा आला की नवं नाव जुन्याच्या जागी बसतं, जुनं कुठंच उरत नाही. किती घरं पुसली मी? रात्री मी गोष्टी लिहितो, त्यातलं एक पात्र खोडायलाही मला आठवडा लागतो.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "पावसाळ्यानंतर बघू. चालू सिस्टीमला हात लावायचा नाही."

मावशीला विचारलं, दुसरा कुणाचा नंबर?

"तुझा दे की."

दिला. माझ्या नंबरासमोर तिचं नाव ठेवलं, तिच्या तळहातावर नंबर लिहिला. ती दारातून वळून म्हणाली, "वस्तीवरल्या हिराबाईलाबी हाच देते, उद्या येईल ती."

"मावशी, कुणाला देऊ नका. तुमचं नाव जाईल."

"असं कसं? पाणी माझ्या एकटीचं हाय व्हय?"

तळहात मिटून गेली.