वेरूळच्या घाटातले चार दिवे

गारखेडा,
बुधवार

प्रिय बद्री,

फोनवर नुसतं ‘काम झालं’ म्हणालो आणि ठेवून दिला, राग मानू नकोस. तू सांगितल्याप्रमाणे तुझ्या वडलांच्या फियाटला हॅझर्ड लाइट बसवले. बासष्ट सालची गाडी, तिच्यात तसली सोय कुठली? डावं-उजवं दाखवणारे दिवे तेवढे होते. बॅटरीवरून सरळ वायर ओढली, नवा फ्लॅशर टाकला, डॅशबोर्डखाली एक स्विच दिला. तो ओढला की चारही दिवे एकदम उघडझाप करतात, किल्ली काढलेली असली तरी. चाळीस वर्षं हेच काम करतोय, पण या वेळी प्रत्येक जोड दोनदा तपासला.

कमरुन्निसा म्हणाली, चार वर्षांनी गाडी निघतेय, चालवून बघितल्याशिवाय बद्रीभाऊंच्या ड्रायव्हरच्या हाती देऊ नका. म्हणून सोमवारी सकाळी दहाला वेरूळकडं काढली. दर श्रावणात आप्पांना त्यांच्या याच गाडीतून घृष्णेश्वराला न्यायचो, तोच रस्ता. खुलताबाद सोडलं आणि ढग खाली उतरला. बोनेटच्या पुढचं दिसेना. घाटात दुसऱ्या वळणावर इंजिन तापून बंद पडलं. जागा मी निवडली नव्हती, बद्री. आप्पा गेले तेच वळण.

स्विच ओढला. आरशात नुसतं धुकं, ते पिवळं व्हायचं, विझायचं, पुन्हा पिवळं व्हायचं. थोड्या वेळानं मागून एक ट्रक अगदी हळू आला आणि शेजारी थांबला. ड्रायव्हर खाली वाकून म्हणाला, “चाचा, लाइट तर चालू हायेत. मग त्या म्हाताऱ्या माणसाला मागं कशाला उभं केलंय?” मी विचारलं, कोणाला? तर म्हणाला, धोतरवाले, उपरणं हलवतायत. ते दिसले म्हणून तर ब्रेक मारला. आणि गेला.

मग मोटारसायकलवर एक जोडपं आलं. बाईनं मला सांगितलं की बाबा पार भिजलेत, त्यांना आत घ्या. ट्रकवाल्याची आणि त्यांची गाठ पडलेली नव्हती.

मी उतरून मागं गेलो. तीसेक पावलं. कोणी नव्हतं. सगळं डांबर पाण्यानं काळंभोर झालेलं, फक्त कडेला दोन पावलं मावतील एवढी जागा कोरडी होती. हात लावून बघितला. ऊब होती.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो. चार वर्षांपूर्वी पोलिसांना आणि तुला मी सांगितलं की आप्पा आपणहून मागं गेले, मी नको नको म्हणत होतो. ते खोटं होतं. चाक पंक्चर झालेलं, मी जॅक लावून बसलेलो, असंच धुकं, आणि मागून कोणी येऊन धडकेल याची मलाच भीती वाटत होती. मीच म्हटलं, “आप्पा, मी हाक मारेपर्यंत मागं उभं राहा, येणाऱ्याला हात दाखवा.” पंचाहत्तर वर्षांचा माणूस, उपरणं सावरत मागं गेला. मी शेवटचा नट आवळत असताना तो ट्रक आला. हाक मारायची राहूनच गेली. परवा त्या कोरड्या जागेसमोर उभा राहून तीनदा मारली: आप्पा, झालं, चला आता. इंजिन निवल्यावर गाडी वळवून घराकडं निघालो, तर पहिल्याच चढावर मागून एक जीपवाला हॉर्न देत आला आणि म्हणाला, तुमचं माणूस मागंच राहिलं. माझं त्यांनी ऐकलं नाही. ड्रायव्हर पाठवू नकोस. मला काय बोलायचं ते समोर येऊन बोल, पण आधी माझ्याबरोबर घाटात चल. तू त्यांचा मुलगा आहेस, तू हाक मारलीस तर येतील.

तुझाच, अजून तसं म्हणू देत असशील तर,
मुबारक