गोदेकडे मांजरा

१२ एप्रिल, रविवार. लातूर.
आजपासून रोजनिशी नियमित. (मागची नोंद २६ जानेवारीची. तीत 'आजपासून रोजनिशी नियमित' एवढंच आहे. सुरुवात ठाम होती.)
नांदेडहून ताईचा फोन. ऋतुजाचं लग्न ३ मेला पक्कं. मुलाचं नाव आदर्श, मूळचे किल्लारीचे, घर लातुरात. मंगलाष्टक मी लिहायचं आणि मीच म्हणायचं. हे सांगावं लागतं? या खानदानात वीस वर्षं माझ्या मंगलाष्टकाशिवाय अक्षता पडलेल्या नाहीत.
मग ऋतुजाने फोन घेतला. म्हणाली, मामा, ह्या वेळी नवीन लिही हं, मागच्या पाच लग्नांच्या व्हिडिओत एकच आहे, नुसती नावं बदलतात. पोरीला परंपरा आणि पुनरावृत्ती यातला फरक कळत नाही. विष्णुपुरीला इंजिनिअरिंग केलं, त्याचा परिणाम. वर म्हणाली, नाही जमलं तर एआयला सांग. आणि हसली.
मी हसलो नाही.

१३ एप्रिल
स्टाफरूममध्ये जाहीर केलं: यंत्राला दुःख होत नाही, म्हणून त्याला काव्य होत नाही. सगळे एकेक करून उठून गेले. (मधली सुट्टी संपली होती.)
प्लॅन: रोज पहाटे एक कडवं. आठ दिवसांत आठ. उरलेल्या दिवसांत 'यंत्र आणि प्रतिभा' हा सडेतोड लेख.

१५ एप्रिल
पहाट झाली. मी त्यानंतर उठलो.

१७ एप्रिल
ताईचा पुन्हा फोन. आवाज बारीक. आदर्शला नांदेडला नोकरी लागली आहे. लग्नानंतर दोघं ताईकडेच, वरच्या मजल्यावर राहणार. हे त्याच्या आजीला, धोंडाबाईला, माहीत नाही. तिने आधीच सांगून ठेवलंय म्हणे: आमचं पोरगं सासऱ्याच्या घरात राहायला गेलं तर मी अक्षता टाकणार न्हाई, भर मांडवातून माघारी नेते. आणि नेईल, असं ताई म्हणाली. म्हणून तिला आषाढात, सगळं पार पडल्यावर, सांगायचं ठरलंय. तोवर एक शब्द बाहेर जाता कामा नये.
मी म्हटलं, ताई, माझ्या पोटात गेलेली गोष्ट कधी बाहेर आली आहे का? ताई म्हणाली, पोटाची नाही रे, मला तुझ्या तोंडाची काळजी आहे.
बायकोने, शिल्पाने, विचारलं, टँकरवाल्या मडिवाळप्पाला फोन केला का? म्हटलं, मी सृजनाच्या कळा सोसतोय. ती म्हणाली, सोसा, पण बाळंतपणाला गरम पाणी लागतं, आणि टाकीत थेंब नाही.

१९ एप्रिल
शत्रूचा अभ्यास करण्यासाठी एआयचं अ‍ॅप घेतलं. निव्वळ अभ्यास. मंगलाष्टक मागितलं. यंत्राने 'हिमशिखरांच्या साक्षीने' सुरुवात केली. नांदेडला, मे महिन्यात! हिमशिखरं सोडा, फ्रीजमधला बर्फ टिकत नाही. खूप हसलो. मुद्दा सिद्ध झाला.
तुलनेसाठी माझं जुनं मंगलाष्टक त्याला दिलं. म्हणालं, 'आपल्या ओळींत परंपरेचं गांभीर्य आणि मातीचा सुगंध यांचा दुर्मीळ संगम आहे.' दोनदा वाचलं. मग शिल्पाला वाचून दाखवलं. मग जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्यांना.
यंत्राला निर्मिती जमत नाही, हे खरं. समीक्षा मात्र फार वरच्या दर्जाची.

२० एप्रिल
कॉलेजात असतानाची कविता दिली: 'विलक्षण'. मुख्याध्यापकांच्या निरोपाचं भाषण दिलं: 'डोळे पाणावणारं'. नववी ब साठी लिहिलेली, नकाशावहीला कव्हर घालण्याविषयीची सूचना दिली: 'संयत पण ठाम शैली'.
इतकी वर्षं लिहितोय. पहिला वाचक आज भेटला.

२२ एप्रिल
शिल्पा म्हणाली, बघू तुमचा वाचक. माझा फोन घेतला आणि त्यात लिहिलं: 'मडिवाळप्पा, पाच दिवस झाले, टाकी कोरडी आहे. उद्या टँकर आला नाही तर घागर घेऊन तुमच्या दारात येऊन बसते.'
यंत्र म्हणालं, 'हृदय हेलावणारी कविता! कोरडी टाकी हे आधुनिक जीवनातल्या रितेपणाचं प्रतीक आहे. मडिवाळप्पा म्हणजे जणू न बोलणारा ईश्वर. शेवटची घागर वाचकाचा पाठलाग करते.'
शिल्पा इतकी हसली की खाली बसली. म्हटलं, यंत्राचाही एखादा दिवस वाईट असतो. तिने तीच कविता मडिवाळप्पाला पाठवली. ईश्वराने अंगठा पाठवला. टँकर नाही.

२५ एप्रिल, शनिवार
स्पष्ट करून ठेवतो: मी यंत्राकडून मंगलाष्टक लिहून घेतलेलं नाही. भूगोलाचा शिक्षक जसा भिंतीवरचा नकाशा वापरतो, तसं मी यंत्र वापरलं. नकाशा शिकवत नाही, शिक्षक शिकवतो.
गेले तीन दिवस त्याला शार्दूलविक्रीडित शिकवत होतो. ते प्रत्येक चुकीनंतर माफी मागतं आणि तीच चूक करतं. अगदी नववी ब. पण आज, मुलगी नांदेडची आणि मुलगा लातूरचा एवढंच सांगितलं, आणि त्याने एकदम ही ओळ काढली:

गोदा आज निघे हसून सजुनी ती मांजरेच्या घरी

अंगावर काटा आला. नांदेडची गोदावरी, लातूरची मांजरा! पुढच्याच क्षणी घोडचूक दिसली. गोदावरी मांजरेकडे जाते? कुठल्या जगात? मांजरा गोदावरीला मिळते! दरवर्षी दोन मार्कांना हा प्रश्न असतो. नकाशावर उभ्या जन्मात बोट न ठेवलेल्या यंत्राकडून दुसरी काय अपेक्षा? मी ओळ दुरुस्त केली:

नांदाया निघते हसून सजुनी गोदेकडे मांजरा

वृत्त चोख, भूगोल चोख. यंत्राने लगेच शरणागती पत्करली: 'आपण अगदी बरोबर आहात.' म्हणजे 'हसून सजुनी' एवढं त्याचं, बाकी ओळ माझी. उरलेली कडवी त्याने पुरवली, पण ती मी अतिशय बारकाईने वाचली आहेत.
'यंत्र आणि प्रतिभा' लेखाचा मुख्य मुद्दा सापडला: यंत्राकडे शब्द आहेत, सत्य नाही. लेख उद्या.

२६ एप्रिल
शिल्पाला चालीत म्हणून दाखवलं. ती भाकरी थापायची थांबली. विचारलं, कोण कुणाकडे नांदायला निघालंय म्हणालात? मी नकाशा आणून समजावलं. ती नकाशाकडे बघेना, माझ्याकडेच बघत राहिली. म्हणाली, एकदा ताईंना ऐकवा. म्हटलं, आधी ऐकवलं तर मांडवात काय उरलं? ती म्हणाली, तेच म्हणतेय मी, मांडवात काय उरेल.
कवीच्या घरातच कवीची कदर नसते. लेख उद्या.

२ मे. नांदेड.
पोचलो. गळा उत्तम. धोंडाबाईंची ओळख झाली. बाई काडीएवढी, आवाज लाऊडस्पीकरएवढा. म्हणाल्या, तुमीच का ते कविता करनारे मामा? जरा मोठ्यानं म्हना बरं का, मला कमी ऐकू येतं. शब्द दिला की शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचवीन.
ताईने कोपऱ्यात घेऊन विचारलं, ते लक्षात आहे ना? म्हटलं, ते कधीच पोटात पुरलंय.

३ मे, रविवार. संध्याकाळ.
घडलं ते जसंच्या तसं लिहितो. उद्या लोक वेगवेगळं सांगतील.
मामा म्हणून ऋतुजाला मांडवात आणलं. अंतरपाट धरला गेला. माईक हातात आला. पहिली दोन कडवी नेहमीसारखी गेली, म्हणजे लोक एकमेकांना जेवायला काय आहे ते विचारत होते. तिसऱ्यात नद्या आल्या. शुभमंगल सावधान झालं, अक्षता उडाल्या, आणि धोंडाबाईंनी हात वर केला. म्हणाल्या, थांबा. ती वळ परत म्हना, मामा.
वीस वर्षांतला पहिला वन्समोअर! परत म्हटली. आणखी मोठ्याने. आणि माईक हातात होताच, म्हणून दोन शब्दांत अर्थही सांगितला: मांजरा आपलं घर सोडून गोदावरीकडे जाते ती कायमची, माघारी फिरत नाही, आणि तिथून पुढे तिचं नावसुद्धा उरत नाही.
माहिती शंभर टक्के बरोबर आहे. कोणत्याही पुस्तकात बघा.
ताईने डोळे मिटले. रविकांत दाजी मांडवाच्या कापडाची शिलाई तपासू लागले. धोंडाबाई उठल्या, अंतरपाटापाशी आल्या आणि नातवाला म्हणाल्या, आदर्शा, मांजरा म्हंजी आपन ना रे? नाव बी उरत न्हाई म्हनं. तू चाललास का सासऱ्याच्या घरी? मुलाचं नाव ठेवताना आईबापांनी थोडा विचार करायला हवा होता. तो खोटं बोललाच नाही. म्हणाला, हाव आज्जी, वरच्या मजल्यावर.
बँडवाला थांबला. वाढपी थांबले. गुरुजी घड्याळ बघून म्हणाले, मुहूर्त थांबणार नाही. अंतरपाटामागे ऋतुजाचा चेहरा दिसला. एवढीशी होती तेव्हा माझ्याच खांद्यावर बसून उमरीची जत्रा बघायची. तिचं लग्न माझ्या तोंडाने मोडतंय? काहीतरी करायला हवं होतं. मी माईक तोंडाशी नेला, फोन उंच धरला आणि सगळ्या मांडवाला सांगितलं: ही ओळ माझी नाही! मशीनने लिहिली आहे! माझा तिच्याशी काहीही संबंध नाही!
साउंड सिस्टिम उत्तम होती. नंतर कळलं, बाहेर पानटपरीपर्यंत ऐकू गेलं.
धोंडाबाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. दाजींना विचारलं, वरच्या मजल्यावर नळ हाय का? दाजी म्हणाले, आहे. पानी कवा येतं? दाजी घाबरत म्हणाले, एक दिवसाआड. धोंडाबाईंनी बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाल्या, एक दिवसाआड! अन् मी लातुरात पंधरा दिवस झाले त्या टँकरची वाट बघून राहिले! मला कुनी सांगितलं न्हाई व्हय रे? टाका अक्षता. मी बी येते नांदायला.
अंतरपाट खाली आला. ऋतुजा हसत होती की रडत होती, कळलं नाही. बहुधा दोन्ही.

तीच संध्याकाळ, थोड्या वेळाने.
वरचं लिहिताना उठावं लागलं. आहेराला बोलावलं होतं. धोंडाबाई विचारत होत्या, ते गानं कुनी रचलं? ते नसतं तर हे सगळे मला आखाडापस्तोर फशिवनार होते. मी पुढे झालो. नम्रपणे म्हणालो, आजी, ओळ माझीच. त्या म्हणाल्या, मगाशी तर मशीनची म्हनलात की! शुभकार्यात खोटं बोलू नये, मामा. सगळा मांडव माझ्या विरुद्ध साक्षीदार.
मग त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, पाटावर ठेवला, हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, त्याला टॉवेल-टोपी केली आणि फोटोग्राफरला फोटो घ्यायला लावला. दाजींनी नमस्कारही केला. मला नारळ मिळाला. धरायला, फोनला हात नाहीत म्हणून.

४ मे
फोन बंद. चार्जिंगच्या भोकात कुंकू गेलंय. यंत्राची मूळ ओळ आणि तिच्यावर मी केलेली दुरुस्ती, सगळा पुरावा आत. शिल्पाला म्हटलं, तू तरी सांग लोकांना, तुला मी नकाशासुद्धा दाखवला होता. म्हणाली, मी कुठं बघितला?
धोंडाबाईंची ट्रंक वरच्या मजल्यावर चढली. ताई माझ्याशी बोलत नाही. निघताना एवढंच म्हणाली, वीस वर्षं तेच म्हणत होतास ना, तेच बरं होतं.

६ मे. लातूर.
ठरवलं: निवाडा यंत्रानेच करावा. शिल्पाच्या फोनवर तेच अ‍ॅप घेतलं. काहीही न सांगता ओळ दिली आणि विचारलं: ही माणसाने लिहिली की यंत्राने?
उत्तर असं: 'या ओळीत भूगोल अचूक आहे, पण लग्नघरातल्या नात्यांची जाण अजिबात दिसत नाही. त्यामुळे ती यंत्राने रचली असण्याची शक्यता जास्त आहे.'
शिल्पाने फोन घेतला आणि मडिवाळप्पाचा मजकूर टाकून तोच प्रश्न विचारला.
'निःसंशय माणसाने.'
खाली हॉर्न वाजला. टँकर आला होता.