सिमेंटचे बूट

आप्पा,

गेल्या सोमवारी तुमच्या टाकीखाली उभी होते. लोहाऱ्याजवळच्या गावातली ती पाण्याची लोखंडी टाकी, पाईपच्या चार पायांवरची. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी गावात तिला अजून आप्पांची टाकीच म्हणतात. मी कंपनीचं यंत्र घेऊन गेले होते, लोखंड आतून किती गंजलंय ते तपासायला. पाणी सोडणारे म्हातारे काका मला ओळखून जवळ आले आणि हसत म्हणाले, "आप्पांच्या हातची हाय ही, पोरी. हिला मिशीन लावून काय बघायलीस?" खोटं कशाला बोलू, ऊर भरून आला.

तुम्हाला हे यंत्र आवडलं असतं, विश्वास मात्र तुम्ही ठेवला नसता. रंग खरवडायचा नाही, सिमेंट फोडायचं नाही. बाहेरून तारेचं वेटोळं टेकवायचं, त्यातून चुंबकाचा झटका आत जातो, लोखंडात क्षणभर वीज फिरते आणि विरते. लोखंड जाड असेल तर सावकाश विरते, झिजलेलं असेल तर लवकर. त्यावरून कळतं, आत किती शिल्लक आहे. तुम्ही हातोडी मारून, कान देऊन ओळखायचात तेच. पण सिमेंटच्या आतलं हातोडीला ऐकू येत नाही.

आणि ते सिमेंट तुम्हीच ओतलं होतंत. मी सातवी-आठवीत असेन. नळाचं पाणी सांडून पायांशी चिखल व्हायचा, घागरी आपटायच्या, म्हणून तुम्ही प्रत्येक पायाभोवती गुडघाभर सिमेंट ओतत होतात. "बूट घातले लोखंडाला," असं येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगत होतात. त्याच सकाळी तुम्ही माझ्यावर खेकसला होतात, कारण मी शिडीवरचा गंज न घासताच लाल रंग फासला होता. "गंज झाकलीस व्हय? घास आधी!" सगळ्यांसमोर. मी रडत रडत घासलं, बोटं सोलवटली. असं घासून घेणाऱ्या माणसाला हे कसं कळलं नाही, आप्पा, की सिमेंट सुकताना लोखंडापासून केसभर सुटतं, त्या फटीतून पाणी उतरतं आणि आतच मुरत राहतं? मला तुमचा फार राग आला. गेलेल्या बापाचा राग आला की भांडायला समोर कुणी नसतं.

तीन पाय बुटांच्या आत निम्म्याहून जास्त गंजून गेलेत. चौथ्यावर मी चार वेळा वेटोळं टेकवलं, जागा बदलून, यंत्र पुन्हा जुळवून. आकडा हलला नाही; त्याच्या आत जवळजवळ काहीच उरलेलं नव्हतं.

"काय म्हणतंय मिशीन?" काकांनी विचारलं.

"टाकी आजच रिकामी करा. खाली कुणाला थांबू देऊ नका."

काकांनी वर टाकीकडं बघत हळूच विचारलं, "आप्पांचं काय चुकलं का गं?"

"न्हाय काका. वय झालंय तिचं."

अहवालातही मी तेवढंच लिहिलं. बुटांबद्दल एक अक्षर नाही. गावानं टाकी रिकामी केली, भोवती दोरी बांधली, तिथलं निभावलं. पण आपल्याच जिल्ह्यातल्या वाशीकडं तुमच्या आणखी दोन टाक्या आहेत आणि त्यांनाही तुम्ही हौसेनं हेच बूट घातलेत. एक शाळेच्या आवारात आहे, मधल्या सुट्टीत पोरं तिच्या सावलीत बसून जेवतात. तिथल्यांनी मला तपासायला बोलावलेलं नाही. मी सांगितल्याशिवाय त्यांना कळायचं नाही, आणि सांगायचं तर तुमचं चुकलं, हे माझ्या तोंडानं सांगावं लागेल.

मुख्याध्यापकांचा नंबर मिळवून चार दिवस झाले. आज सकाळी, त्यांच्याशी काय बोलायचं ते आधी लिहून काढावं म्हणून कागद घेतला, आणि वर 'आप्पा' लिहिलं गेलं. मग तसंच लिहीत राहिले, कारण तुम्हाला लिहिणं सोपं होतं. शाळा भरायला आता अर्धा तास राहिलाय आणि मी अजून फोन केलेला नाही.